तोरण्याच्या धारेवर तुमचा आवाज सापडला, काका

आदरणीय काका,
सा. न.

राजगड-तोरणा ट्रेकमध्ये ज्याचा पाय मुरगळला होता, तो मुलगा परवा काठीशिवाय चालत घरी येऊन गेला. तो गेल्यावर लगेच हे पत्र लिहायला घेतलं. तुमचे आभार चारचौघांसमोर मानायचे होते.

त्या संध्याकाळी संजीवनी माची मागे पडली होती, धुकं उतरलेलं आणि मोबाइलला रेंज नाही. तुम्ही खाली वेल्ह्यात. गटात हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असलेली मी एकटी आणि हातातला वॉकीटॉकी सेट मुका. बॅटरी संपली असंच वाटलं. मग तुमचं बोलणं आठवलं, "सेट गप्प आहे म्हणजे समोरचा गप्प आहे, असं धरून चालू नकोस." स्क्वेल्च, म्हणजे खरखर गाळणारी सेटिंग, पाचवर होता. खरखर नको म्हणून सकाळी मीच वाढवला होता, आणि खरखरीबरोबर तुमचा क्षीण सिग्नलही बाहेरच अडत होता. ही गाळणी तात्पुरती उघडणारं मॉनिटरचं बटण दाबून धरलं, तर त्या खरखरीच्या तळाशी तुम्ही माझी कॉलसाइन, माझं परवान्यावरचं रेडिओ-नाव, पुकारत होतात! किती वेळ पुकारत होतात, कोण जाणे.

स्क्वेल्च एकवर आणला. पॉवर लोवरून हायवर, म्हणजे पूर्ण पाच वॉट. कातळाच्या आडोशातून निघून धारेवर चढले, कारण व्हीएचएफच्या रेडिओलहरींना डोंगर आडवा आला की वॉट फारसे कामाला येत नाहीत, हे तुम्ही गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभं करून मला दाखवलं होतं. अँटेना उभी धरली. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबून क्षणभर थांबले, मग बोलले. तो क्षण थांबलं नाही तर पहिला शब्द कापला जातो, आणि माझा पहिला शब्द 'जखमी' होता.

त्या गच्चीवरच्या रविवारांची किंमत मला तेव्हा कळली. मॅन्युअल मीही वाचलं होतं. पण कीपॅड लॉक केला तरी बऱ्याच सेटचं पीटीटी चालूच राहतं, सॅकच्या पट्ट्याखाली ते दाबलं गेलं तर अख्खा चॅनल अडतो, म्हणून प्रसारण आपोआप तोडणारा टाइम-आउट टायमर साठ सेकंदांवर ठेवायचा, हे तुम्ही सांगितलंत. आवाज ऐकून आपोआप प्रसारण सुरू करणारा व्हॉक्स डोंगरावर बंदच, नाहीतर वाराच बोलायला लागतो. ड्युअल वॉच, म्हणजे दोन चॅनल आलटून पालटून ऐकणं, चालू असेल तर उत्तर देण्याआधी कोणता चॅनल निवडलेला आहे ते पाहायचं. सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या रिपीटरसाठी सहाशे किलोहर्ट्झचा ऑफसेट (ऐकण्या-बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) आणि तो उघडणारा टोन तुम्ही माझ्याकडून इतक्या वेळा भरून घेतलात, की आता अंधारातही बोटं चुकत नाहीत.

आणि आकडे! "एकोणसाठ म्हणू नकोस, एकोणसत्तर ऐकू येईल. पाच, नऊ असं सुटं सांग." त्या दिवशी जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश मी एकेक आकडा सुटा करून सांगितले, तुम्ही ते परत वाचून दाखवलेत, आणि त्यात एक आकडा चुकीचा निघाला. तुम्ही नुसतं 'रॉजर' म्हणून पुढे गेला असतात, तर मदतीला येणारी माणसं त्या धुक्यात दुसऱ्याच घळीत उतरली असती.

पुढचे तीन तास तुम्ही दर पंधरा मिनिटांनी हाक मारत राहिलात. बॅटरी वाचावी म्हणून मला कमीत कमी बोलायला लावलंत. "ऐकू येत असेल तर फक्त दोनदा पीटीटी दाब." मी दोनदा दाबायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "आहेस. ठीक." त्या मुलाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दर वेळी तोही ऐकायचा आणि त्याचा श्वास जरा सावकाश व्हायचा.

तुम्ही कधी फी घेतली नाहीत, साधा चहाही काकूंनीच पाजला. पुढच्या महिन्यापासून आमच्या गटातल्या दोघी परवान्याच्या परीक्षेची तयारी सुरू करताहेत. रविवारी त्यांना गच्चीवर घेऊन येऊ का? टाकीमागे मी उभी राहीन.

७३, म्हणजे आपल्या हॅमच्या भाषेत शुभेच्छा, काका.

तुमची,
व्हीयू३ कॉलसाइनवाली पुतणी