चोवीस तासांच्या शर्यतीसाठी निघालेल्या मित्रास

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र आणि सोबतचे फोटो पोचले. अमेरिकेतल्या जिंजरमन ट्रॅकवरच्या, स्वस्त जुन्या गाड्यांच्या दोन दिवसांच्या लेमन्स शर्यतीत रविवारी संध्याकाळी शेवटचा झेंडा पडला तेव्हा तुमची गाडी स्वतःच्या चाकांवर धावत होती, हे वाचून मला झालेला आनंद नीट लिहून दाखवता येणार नाही. नोकऱ्या सांभाळून, सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये राबून चौघांनी ती गाडी उभी केली आणि पहिल्याच शर्यतीत ती शेवटपर्यंत नेली, ही काही लहान गोष्ट नाही. आता पुढच्या वर्षी सलग चोवीस तासांच्या शर्यतीत उतरायचे ठरते आहे, आणि जमलेले पैसे इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी खर्च करावेत असे तुमच्यातल्या दोघांचे म्हणणे आहे, त्यावर तू माझे मत मागितले आहेस. इंजिनाला हात लावू नका. पैसा चाकांत, ब्रेकमध्ये आणि रेडिएटरमध्ये घाला, असे माझे स्पष्ट मत आहे. हे तुला तुझ्या सहकाऱ्यांना पटवून द्यायचे आहे, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

आधी साधा हिशेब मांडू. तुमची एक फेरी दोन मिनिटांची धरली, तर चोवीस तासांत न थांबता ७२० फेऱ्या होतील. इंजिनावर भरपूर खर्च करून दर फेरीला पाच सेकंद वाचवले, आणि ते प्रत्येक फेरीला न चुकता वाचले, तरी सगळी कमाई ३६०० सेकंदांची, म्हणजे एका तासाची होते. उलट शनिवारी दुपारी डाव्या पुढच्या चाकाचे बेअरिंग गेले, तेव्हा गाडी सव्वादोन तास जॅकवर उभी होती असे तूच लिहिले आहेस. शिवाय ताकद वाढली की पेट्रोल वाढते. आज एका टाकीत दोन तास निघत असतील तर चोवीस तासांत अकरा वेळा थांबावे लागेल. तीच टाकी पावणेदोन तासांत संपू लागली तर तेरा वेळा. वाचलेल्या तासातली दहा-बारा मिनिटे तिथेच गेली, आणि जास्त तापणारे इंजिन पहाटेपर्यंत टिकेल की नाही ही काळजी वेगळीच. लांब पल्ल्याच्या शर्यतीत गाडी किती वेगाने पळाली यापेक्षा ती किती वेळ उभी राहिली यावरच निकाल ठरतो, हे माझे ठाम मत आहे, आणि पुढचे सगळे त्याच्याच आधारावर लिहितो आहे.

तू पाठवलेला हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा, फोटो मी इथे उद्यमनगरात आपल्या जुन्या मिस्त्रींना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरला, फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "हा निळा रंग एकाच बाजूला कसा?" मग त्यांनी समजावले. पोलाद तापत गेले की आधी पिवळसर, मग तपकिरी आणि पुढे निळे पडते. तुमच्या हबवरचा निळा पट्टा डिस्कच्या बाजूला गडद आहे आणि बाहेर येता येता फिका झाला आहे, म्हणजे उष्णता बेअरिंगमध्ये निर्माण होण्याआधी ब्रेकच्या डिस्ककडून आत शिरली, तिने ग्रीस पातळ केले, ते सीलमधून बाहेर आले आणि कोरडे बेअरिंग मग स्वतःच्या घर्षणाने जळाले. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरत असल्यामुळे उजवीकडच्या वळणांत गाडीचा बराचसा भार डाव्या चाकांवर येतो, आणि टायर जितके चांगले पकडतील तितका तो भार वाढतो; त्यामुळे आधी डावे पुढचेच जाणार हेही त्यांनी न विचारता सांगितले. तेव्हा नुसते नवे बेअरिंग घालून भागणार नाही. डिस्कपर्यंत थंड हवा पोचेल असा चांगल्या जाडीचा पाइप पुढच्या बंपरमधून न्या, बेअरिंगमध्ये जास्त तापमान सोसणारे ग्रीस भरा आणि दोन्ही बाजूंचे पूर्ण हब बेअरिंग बसवलेल्या अवस्थेत तयार ठेवा. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, बेअरिंग दाबून बसवत बसायचे नाही. आख्खा हब काढायचा आणि आख्खा हब लावायचा.

मिस्त्रींचे हे ज्ञान कुठून आले ते तुला ठाऊक आहेच. गाळप हंगाम सुरू झाला की शिरोळ, हातकणंगले, कागल या भागांतल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात, आणि तोडलेला ऊस वाळत असल्यामुळे वाटेत उभी राहिलेली ट्रॉली म्हणजे दर तासाला घटणारे वजन असते. अशा रात्री त्यांच्याबरोबर मी पुष्कळ वेळा गेलो आहे. ट्रॅक्टर थांबला की ते आधी इंजिनाकडे जात नाहीत. ट्रॉलीभोवती एक फेरी मारतात आणि प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू नेतात, टेकवत नाहीत, नुसती जवळ नेतात. तीन चाकांची ऊब सारखी आणि चौथ्याची वेगळी लागली की ट्रॉली तिथेच खोलायची, मग ती चालती का असेना. हबमधून धूर येत असेल तर त्यावर पाणी ओतू देत नाहीत, कारण तापलेले पोलाद एकदम आकसले की तडकते. तुम्ही हीच सवय लावून घ्या. दर वेळी गाडी पेट्रोलसाठी आत आली की पेट्रोल भरून झाल्यावर एकाने चारही हबांचे तापमान बंदुकीसारख्या थर्मामीटरने मोजून वहीत लिहावे. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. मागच्या खेपेपेक्षा किती वाढला आणि शेजारच्या चाकापेक्षा किती वेगळा आहे, यात सगळे कळते.

ब्रेकबद्दल थोडक्यात लिहितो. पेडल खाली जाऊ लागले होते असे तू लिहिले आहेस, ते पॅड झिजल्यामुळे नसून ब्रेक ऑइल उकळल्यामुळे असावे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि तिथेच घात होतो: डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओल शोषलेल्या त्याच ऑइलला १५५ अंशांचीच हमी असते. शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळे जुने ऑइल काढून सीलबंद डब्यातले नवे भरा, आणि अर्धा उरलेला डबा पुढच्या शर्यतीसाठी जपून ठेवू नका. ब्रेक, चाके आणि टायर सुरक्षेत धरले जातात व गाडीच्या खर्चावरच्या ५०० डॉलरच्या मर्यादेत मोजले जात नाहीत, हा तुमच्या लेमन्स शर्यतीचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. स्वस्त गाडी आणि चांगले ब्रेक, ही जोडी मान्य करणाऱ्या संयोजकांविषयी माझ्या मनात आदर आहे. तो ५०० डॉलरचा नियम इथे गॅरेजमध्ये सांगितला तेव्हा सगळ्यांनी हातातले पाने खाली ठेवून ऐकला. म्हादबा मिस्त्रींसारख्या जुन्या कारागिराचे नाव सांगणाऱ्या या गावात भंगारातून चालती वस्तू उभी करणाऱ्याला अजून मान आहे, त्यामुळे तुमची गाडी न पाहताही ती इथे सर्वांच्या ओळखीची झाली आहे.

रेडिएटरचे म्हणशील, तर फ्रान्समधल्या ल मान्स या चोवीस तासांच्या प्रसिद्ध शर्यतीची २०१६ ची हकिकत सहकाऱ्यांना जरूर सांग. टोयोटाची पाच क्रमांकाची गाडी चोवीस तासांची शर्यत जिंकण्याच्या बेतात होती आणि शेवटची काही मिनिटे उरली असताना तिची ताकद गेली. काझुकी नाकाजिमा चाकावर होता. गाडी मुख्य सरळ रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि पोर्शे जिंकली. कंपनीने नंतर सांगितलेले कारण काय, तर टर्बोचार्जर आणि इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीचा एक जोड. शेवटची फेरी ठरलेल्या वेळेत पूर्ण झाली नाही म्हणून त्या गाडीला निकालात स्थानसुद्धा मिळाले नाही. एवढ्या मोठ्या कारखान्याची, एवढ्या अभियंत्यांची मेहनत एका नळीच्या जोडावर थांबते, तर आपल्या जुन्या गाडीतल्या वाळलेल्या रबरी होज पाइपांवर आणि गंजलेल्या क्लिपांवर विश्वास कसा ठेवायचा? सगळे पाइप नवे घाला, दोन्ही टोकांना चांगल्या क्लिपा लावा, आणि तासभर गाडी तापवून गार झाल्यावर त्या पुन्हा आवळा, कारण नवे रबर पहिल्या उष्णतेत बसते आणि क्लिप सैल पडते. त्याच टोयोटाने २०१८ साली ती शर्यत जिंकली आणि तेव्हा विजेत्या गाडीच्या तीन चालकांत नाकाजिमा होता. त्या वर्षीच्या तयारीत त्यांनी मुद्दाम बिघाड घडवून, तीन चाकांवर गाडी पिटपर्यंत आणण्याचासुद्धा सराव केला होता. तुम्हीही एखाद्या शनिवारी गाडी वेगात चालवण्याऐवजी ती बिघडवून दुरुस्त करण्याचा सराव करा: एकाने डोळ्यांआड एक पाइप सैल करायचा किंवा एक फ्यूज काढायचा, आणि बाकीच्यांनी घड्याळ लावून तो शोधायचा.

इंजिनाबद्दल एवढेच की लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला सरकते, पंपाला हवा लागते आणि मेन बेअरिंग कोरडे पडते. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्या आणि ऑइल प्रेशर कमी होताच पेटणारा मोठा लाल दिवा चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर लावा. काट्याकडे पाहायला त्याला फुरसत नसते. वरचा गिअर थोडा आधी टाकायचा, हेही सर्वांनी मान्य करायला हवे.

आता माणसांविषयी लिहितो, कारण पत्रात तू जे दोन ओळींत उरकले आहेस त्याची मला जास्त काळजी वाटते. तुमच्यातला एकजण छान लयीत चालवत होता म्हणून फलक दाखवूनही आत आला नाही आणि त्याने आणखी चाळीस मिनिटे गाडी चालवली, असे तू लिहितोस. १९५२ साली ल मान्समध्ये पिएर लव्हेग या फ्रेंच चालकाने टाल्बो गाडी जवळजवळ तेवीस तास एकट्याने चालवली. जोडीदार तयार होता, पण त्याने चाक सोडले नाही. त्याच्याकडे कित्येक फेऱ्यांची आघाडी होती, आणि जेमतेम तासाभराची शर्यत उरली असताना इंजिन तुटून गाडी कायमची थांबली. विजय मर्सिडीजला मिळाला. त्याच्या जिद्दीला माझा नमस्कार आहे, पण आपल्याला जिद्दीबरोबर घड्याळही हवे. थकलेल्या माणसाला आपण थकलो आहोत हे सर्वांत शेवटी कळते. तेव्हा चाक केव्हा सोडायचे हे चाकावरच्या माणसाने ठरवायचेच नाही. ते पिटमधल्या माणसाने ठरवायचे आणि बाकीच्यांनी वाद न घालता मानायचे, असे शर्यतीपूर्वी चौघांनी एकमेकांना वचन द्या. पहाटे तीन ते पाच या वेळेत सर्वांत कमी वेळाची पाळी ठेवा. त्या वेळी गाडी चालवणाऱ्याने आधी चार तास खरोखर आडवे झालेले असावे, खुर्चीत बसून डुलकी काढलेली नसावी. पाणी आणि मीठ दर पाळीला द्या, जेवण हलके ठेवा.

काळ्या झेंड्याचाही याच्याशीच संबंध आहे. कोणाला धक्का लागला किंवा चाके रस्ता सोडून बाहेर गेली की आत बोलावतात आणि वेळ जातो. तुमच्या तीन काळ्या झेंड्यांपैकी दोन त्या लांबलेल्या चाळीस मिनिटांतले आहेत, हे तुझ्याच टिपणावरून दिसते. पेट्रोल भरताना तर घाई नकोच. चालक बाहेर, भरणारा पूर्ण अग्निरोधक कपड्यांत, दुसरा अग्निशामक हातात धरून उभा, आणि तेवढा वेळ गाडीला दुसऱ्या कोणाचाही हात नाही. या नियमात एका सेकंदाचीही काटकसर करू नका.

पहिली ल मान्स १९२३ साली झाली तीच मुळी गाड्यांचा टिकाऊपणा आणि रात्रीचे दिवे पारखण्यासाठी. लागाश आणि लेओनार या जोडीने ती २,२०९ किलोमीटर अंतर कापून जिंकली, म्हणजे सरासरी ताशी ९२ किलोमीटर. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की सुरुवात केलेल्या ३३ गाड्यांपैकी ३० शेवटपर्यंत टिकल्या. तुमच्या शर्यतीतही सर्वांत मानाचे बक्षीस पहिल्या आलेल्याला न देता, जिच्याकडून कोणी आशा धरली नव्हती अशा गाडीने सर्वांपेक्षा जास्त करून दाखवले तर तिला देतात, असे तू लिहिलेस. तुम्ही त्याच बक्षिसासाठी उतरावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि तुमची गाडी त्यासाठी योग्य आहे.

एक काम लगेच कर. हब ओढून काढायला तुम्हाला हातोड्याने ठोकावे लागले आणि त्यातच पाऊण तास गेला, म्हणून मिस्त्री तुमच्यासाठी एक पुलर बनवून देणार आहेत. त्यांना हबच्या तोंडाचा बाहेरचा व्यास, चार बोल्टांमधले अंतर आणि शाफ्टची बाहेर येणारी लांबी हवी आहे. मापे व्हर्नियरने, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत घे, दोन वेळा घे आणि दोन्ही वेळचे आकडे पाठव. काका-काकू पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येणार आहेत, त्यांच्या मोठ्या बॅगेत तो बसेल. विमानात हातातल्या सामानात घेऊ नका असे मी काकांना सांगून ठेवले आहे. वजन अडीच किलोच्या आसपास होईल, तेवढी जागा काकूंनी मसाल्याच्या डब्यांतून काढून द्यायचे कबूल केले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मापांची वाट पाहतो.

तुझा,
बालमित्र