जुन्या चौकांतील कारंजी जपून दुरुस्त करावीत

महोदय,

गेल्या महिन्यात मुंबईला गेलो असता हुतात्मा चौकातील फ्लोरा फाउंटनसमोर बराच वेळ उभा राहिलो. दहा-बारा वर्षांपूर्वी पाहिले तेव्हा ते रंगाने लिंपलेले आणि कोरडे होते. २०१९ साली पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात रंगाचे थर उतरवले गेले आणि आता मूळ पोर्टलंड दगडातल्या (इंग्लंडमधील चुनखडीच्या दगडातल्या) फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेच्या वस्त्राच्या चुण्याही स्पष्ट दिसतात.

या एका चौकात शहराचा केवढा इतिहास आहे! इंग्रजांच्या किल्ल्याचा चर्चगेट हा दरवाजा इथेच होता. १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तटबंदी पाडली गेली आणि मुळात राणीच्या बागेसाठी योजलेले हे कारंजे या मोकळ्या जागेत आले. आराखडा नॉर्मन शॉ यांचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथ यांचे, तर खर्चाला कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांच्या देणगीचा हातभार होता. पुढे २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर याच परिसरात गोळीबार झाला आणि नंतर तिथे मशालधारी शेतकरी-कामगाराचे स्मारक उभे राहिले. त्या स्मारकासाठी कारंजे हटवावे लागले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सोलापुरात मात्र माझ्या घराजवळच्या चौकात नेमके उलटे घडले. तिथे काळ्या दगडाचे अष्टकोनी कुंड होते आणि त्याच्या कडेला देणगीदाराच्या नावाचा, अक्षरे झिजलेला दगड होता. सुशोभीकरणात कुंडावर चकचकीत फरशी बसली, रंगीत दिव्यांचे नवे कारंजे आले आणि नावाचा दगड फरशीखाली कायमचा गाडला गेला. नवे कारंजे जेमतेम एक पावसाळा चालले. आज त्यात चहाचे कप आणि निर्माल्य साचलेले असते. ते नाव काय होते, हे सांगणारे आता गल्लीत कोणी उरलेले नाही.

जिथे नळाला रोज पाणी येत नाही आणि घरोघरी पिंपे भरून ठेवावी लागतात, तिथे कारंजी कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु कारंज्याचे पाणी पंपाने पुन्हा पुन्हा फिरवता येते आणि बाष्पीभवनाने व तुषार उडून जेवढे घटते तेवढेच भरावे लागते. त्यासाठी प्रक्रिया केलेले सांडपाणीही पुरेसे गाळून व निर्जंतुक करून वापरता येईल. त्यामुळे पिण्याच्या पाण्याला हात लावण्याची गरज नाही. तेही शक्य नसेल तर कुंड कोरडे राहू द्यावे, पण दगड झाकू नये.

यापुढे कोणत्याही जुन्या चौकाच्या कामाला हात घालण्यापूर्वी तेथील दगड, लेख आणि मोजमापे यांची छायाचित्रांसह नोंद व्हावी आणि ती जाहीर केली जावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चौकाचा इतिहास सांगणारा फलक मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही असावा, कारण हे शहर या चारही भाषांत बोलते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. त्यांच्या स्मृतिदिनी, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी शहर माणसांनी फुललेले असताना, असा पहिला फलक लागावा.

आपला,
एक वाचक, सोलापूर