लॉगऑन प्रोसिजर कोणती वापरता, हे नोंदींना विचारा

संपादक महोदय,

जुन्या संगणक प्रणालींची साफसफाई कशी करावी, याबद्दल आपल्याकडे नुकतंच एक वाचकपत्र छापून आलं. 'वापरणाऱ्यांना विचारा काय लागतं, बाकीचं पुसून टाका' असा त्यातला सल्ला. मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकावर, सिस्टम प्रोग्रॅमर म्हणून माझी 26 वर्षं गेली. हा उपाय मी करून बसले आहे, म्हणून लिहिते.

टीएसओमध्ये, म्हणजे आपल्या पडद्यावरून मेनफ्रेम वापरायच्या सोयीत, शिरताना पडद्यावर यूजर आयडी आणि पासवर्डच्या जोडीला 'प्रोसिजर' असा एक रकाना असतो. त्यात फार तर आठ अक्षरांचं नाव. त्या नावामागे जेसीएलच्या, म्हणजे यंत्राला काम सांगायच्या भाषेतल्या, काही ओळी असतात: प्रोग्रॅमच्या कोणत्या लायब्रऱ्या जोडायच्या, आयएसपीएफचे पॅनल (मेनूचे पडदे) कुठून उचलायचे, सुरुवातीला कोणती कमांड चालवायची. नवं सॉफ्टवेअर आलं की कोणीतरी चालू प्रोसिजरची नक्कल मारतो, दोन ओळी वाढवतो आणि नवं नाव देतो. जुनी तशीच पडून राहते. आमच्याकडे अशा 61 साठल्या होत्या. एखादी लायब्ररी काढली की 61 ठिकाणी शोधायचं, आणि एक जरी नजरेतून सुटली तरी ती वापरणाऱ्याचं लॉगऑन जेसीएल एररवर आपटतं. बिचारा आतच येऊ शकत नाही, तक्रारसुद्धा फोनवरून करतो.

मग आम्ही सगळ्यांना मेल टाकून विचारलं, तुम्ही कोणती वापरता? बहुतेकांचं उत्तर एकच: 'मी फक्त एंटर मारतो.' त्यात खोटं काही नव्हतं. मागच्या खेपेला वापरलेलं नाव रॅकफमध्ये, म्हणजे यूजर आणि परवानग्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या माणसाच्या टीएसओ सेगमेंटमध्ये (नोंदीतल्या टीएसओपुरत्या भागात) राहतं आणि पुढच्या वेळी आपोआप रकान्यात येऊन बसतं. एकाने मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. चिठ्ठीवरची प्रोसिजर आम्ही दोन वर्षांपूर्वीच काढून टाकली होती, आणि हा गृहस्थ रोज व्यवस्थित लॉगऑन करत होता!

ऑडिटवाल्यांनी दुसरी वाट दाखवली. रॅकफच्या 'टीएसओप्रॉक' क्लासमधून, म्हणजे लॉगऑन प्रोसिजरच्या परवानग्यांच्या गटातून, कोणाला कोणत्या प्रोसिजरची रीड परवानगी आहे त्याची यादी काढा म्हणाले. काढली. परवानग्या ग्रुपला दिलेल्या, त्यामुळे जवळजवळ सगळ्यांना जवळजवळ सगळं खुलं. किल्ली कोणाकोणाकडे आहे ते कळलं, दार कोण उघडतं ते नाही. टीएसओ सेगमेंटमधली नावं त्यापेक्षा बरी, पण तिथे फक्त शेवटचं नाव उरतं. महिनाअखेरीला वेगळी प्रोसिजर घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी नेहमीच्या प्रोसिजरवर आला की आदल्या दिवसाचा मागमूस राहत नाही. शिवाय नोकरी सोडून गेलेल्यांचे आयडी तिथे जुनी नावं धरून बसलेले असतात.

उत्तर एसएमएफच्या, म्हणजे यंत्र आपल्या कामाची जी रोजनिशी ठेवतं तिच्या, टाइप 30 नोंदींमध्ये होतं. टीएसओचं प्रत्येक सत्र यंत्राच्या लेखी एक जॉबच असतं. लॉगऑन करताना यंत्र स्वतःच त्या जॉबचं जेसीएल तयार करतं आणि त्यातल्या स्टेपला (जॉबच्या टप्प्याला) प्रोसिजरचंच नाव देतं. सत्र संपलं की स्टेप संपल्याची नोंद पडते: कोण, केव्हा, कोणत्या नावाने. हेच नाव एसडीएसएफच्या डीए पडद्यावर, म्हणजे या घडीला काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या पडद्यावर, 'स्टेपनेम' या रकान्यात दिसतं. वर्षानुवर्षं मी तो पडदा दिवसातून पन्नास वेळा उघडत होते. डोकं चाललं नाही, दुसरं काय!

तीन महिन्यांच्या नोंदी काढून सॉर्ट केल्या. 61 पैकी 11 वापरात. आनंदाच्या भरात उरलेल्या 50 काढल्या. वर्षअखेरीच्या रात्री लेखा विभागातल्या एका बाईंचा फोन आला, लॉगऑन होत नाही म्हणून. नावात आमच्या एका माजी सहकाऱ्याची आद्याक्षरं असलेली एक प्रोसिजर त्या वर्षातून एकदा, त्याच रात्री वापरायच्या. बॅकअपमधून ती परत आणून बसवेपर्यंत मध्यरात्र उलटली. बाई शांत होत्या, त्यांचे साहेब नव्हते.

म्हणून ज्यांच्या अंगावर हे काम येईल त्यांना सांगते: निदान 13 महिन्यांच्या नोंदी घ्या. केंद्रात एसएमएफच्या टेपा तेवढे दिवस ठेवत नसतील, तर मोजणी आजपासून सुरू करा आणि तोवर हात आवरा. प्रोसिजर लगेच पुसू नका, आधी फक्त परवानगी काढून घ्या. कोणी अडलंच तर रॅकफच्या दोन कमांड, परवानगी परत देणारी परमिट आणि ती लागू करणारी रिफ्रेश, दोन मिनिटांत माणूस आत. आणि नोंद सत्र संपल्यावर पडते हे ध्यानात ठेवा, कारण काही लोक लॉगऑफ करतच नाहीत.

आमच्याकडे शेवटी 12 उरल्या.

– एक निवृत्त सिस्टम प्रोग्रॅमर