वाऱ्याआड

ॲमस्टरडॅम, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शि. सा. न.

आई, फोनवर तू "एवढ्या वाऱ्यात कशाला गेलीस" म्हणून रागावलीस आणि मी घाईघाईत फोन ठेवला. आता ओले कपडे हीटरवर वाळत घातलेत, चहा झालाय, म्हणून सगळं नीट लिहिते.

आम्ही सायकल-गटातले नऊ जण होतो. सकाळच्या गाडीने सायकली घेऊन एंकहाउझेनला उतरायचं आणि तिथून बांधावरून लेलिस्टाडला जायचं, असा बेत. (रविवारी गाडीत सायकल कधीही नेता येते, फक्त तिचं वेगळं तिकीट काढायचं.) बाबा, हा बांध तुम्हाला एकदा दाखवायचाच आहे. जवळजवळ 27 किलोमीटर लांब, दोन्ही हातांना नुसतं पाणी. पूर्वी इथे समुद्र आत शिरलेला होता. 1932 मध्ये वर उत्तरेला मोठा बांध घालून त्याला बाहेरच्या समुद्रापासून तोडलं, त्याचं गोड्या पाण्याचं तळं झालं, आणि 1963 ते 1975 मध्ये हा बांध घालून त्या तळ्याचेही दोन भाग केले. मी महिनाभर या दिवसाची वाट बघत होते.

काल रात्रीच हवामान खात्याने पिवळा इशारा दिला होता. सकाळी नैर्ऋत्येचा वारा ताशी पन्नासाच्या पुढे, झोत त्याहून जोराचे. तरी आम्ही निघालो, कारण पोचेपर्यंत तो पडेल अशी आशा होती. तो पडला नाही.

आमच्या म्होरक्या साठीच्या एक बाई आहेत. त्यांनी स्टेशनवर काही ठरवलं नाही, सगळ्यांना बांधाच्या तोंडाशी नेलं आणि पाच मिनिटं नुसतं उभं राहायला सांगितलं. गवत आडवं झालेलं, पाणी दगडांवर आपटून रस्त्यावर उडत होतं. समोरचा वारा असला की पुढच्याच्या मागे लपता येतं. हा मात्र अख्ख्या बांधावर आडवा. आडव्या वाऱ्यात आडोसा मागे नसतो, तिरका बाजूला असतो, म्हणून सगळ्यांनी पंख्यासारखी तिरकी रांग धरायची. पण सायकलवाट अरुंद, समोरूनही लोक येणार, त्यात तीन-चार जण मावतात. बाकीचे उघड्यावर, तेही वाटेच्या कडेला.

मग 'जायचं का?' असं त्यांनी सगळ्यात आधी मला विचारलं. मी गटात नवी, सगळ्यात हळू. जुन्या लोकांचं ऐकून मी हो म्हणू नये, म्हणून माझी पाळी पहिली. मी म्हटलं, मला भीती वाटते. कुणी पुन्हा विचारलं नाही. एक जण दूर दक्षिणेकडून आला होता, त्याला वाईट वाटलं, तसं तो सरळ बोलला आणि सायकल वळवली. मला ते फार आवडलं, बाबा.

नवा बेत: बांध सोडायचा, आतून होर्नला जायचं. होर्नपर्यंत गावाला गाव लागून आहे, घरं आणि झाडं वारा अडवतात, आणि रेल्वेही सोबतीला, म्हणजे कुणी दमलं तर जवळच्या स्टेशनवर गाडीत बसावं. तुम्हाला आवडेल असं म्हणजे एंकहाउझेन हे बियाण्यांचं गाव आहे. भाजीपाल्याचं बियाणं तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्या इथे आहेत. काचघरं दिसली आणि मला नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आठवला. पुढे फ्लॉवरची शेतं लागली, काळीभोर माती, आणि तिथे घरं संपली की वारा छातीवर यायचा. अशा वेळी दोघं माझ्यासमोर येऊन चालवायचे, थोड्या वेळाने मागे जायचे, दुसरे दोघं पुढे. इथे एखाद्याला झळ लागू न देण्याला 'वाऱ्याआड ठेवणं' म्हणतात. मला एकदाही पुढे जाऊ दिलं नाही.

मला सारखं आठवत होतं, पावसात तुम्ही मला कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायचात. तुमचा शर्ट पुढून चिंब व्हायचा आणि माझे फक्त गुडघे भिजायचे. तेव्हा मला वाटायचं, पाऊसच कमी आहे.

होर्नला वाटाण्याचं दाट गरम सूप प्यायलो. तिथे बाई म्हणाल्या, तो बांध घातला तेव्हा एका बाजूचं पाणी उपसून तिथे जमीन करायची होती. वर्षानुवर्षं वाद झाले आणि शेवटी तो बेतच सोडून दिला. म्हणून आज दोन्हीकडे पाणी आहे.

वारा पडला की पुन्हा जाणार आहोत. आई, वाऱ्याचा आकडा आधी तुला कळवीन, मगच निघेन.

फराळाच्या पार्सलमध्ये चकल्या जास्त घाल, नऊ जणांना पुरल्या पाहिजेत. आणि बाबा, तुमच्या सायकलचा मागचा ब्रेक बदलला का? दिवाळीआधी बदलाच.

तुमची,
धाकटी