ओवीच्या फॉर्मवर सही करण्याआधी

डॅलस, 20 जुलै

ती. दादा आणि वहिनीस सा. न. वि. वि.

ओवीच्या सौंदर्यस्पर्धेचा फॉर्म काल व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाला. दादा, तुझं म्हणणं, "पोरांची हौस आहे, करू दे." हौसेला माझी ना नाही. पण फोनवर हा विषय निघाला की ओवी मध्येच येऊन नाचून दाखवते आणि बोलणं तिथंच राहतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गुणांचा तक्ता बघा. रॅम्प वॉक, टॅलेंट, प्रश्नोत्तर आणि 'ब्यूटिफुल फेस'. पहिल्या तिन्हींचा सराव करता येतो. नाच चुकला तर पुन्हा बसवता येतो, उत्तर अडखळलं तर घरी घोकता येतं. चेहऱ्याचं काय करणार? तिथं कमी गुण पडले तर पाच वर्षांच्या पोरीच्या हातात सुधारण्यासारखं काहीच नसतं.

स्पर्धेनंतर बहुतेक आई-बाबा सांगतात, "काही परिणाम झाला नाही, उलट खूश होती." ते खोटं बोलत नाहीत. या वयातलं मूल स्वतःला सहसा भरभरून चांगलंच समजतं. इतरांशी ताडून स्वतःची किंमत ठरवणं साधारण सात-आठ वर्षांपासून मूळ धरतं. आज तिला फक्त मुकुट दिसेल. पण "माझ्यात बघण्यासारखं काय, तर चेहरा" ही समजूत तिच्या मनात राहील आणि तीन वर्षांनी ती स्वतःला त्याच मापानं मोजू लागेल.

अभ्यास काय सांगतात तेही प्रामाणिकपणे सांगते. 2005 साली अमेरिकेत लहानपणी अशा स्पर्धांत उतरलेल्या 11 आणि न उतरलेल्या 11 स्त्रियांची तुलना झाली. उतरलेल्यांमध्ये स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी आणि इतरांवरचा अविश्वास जास्त आढळला, नैराश्यात मात्र ठळक फरक नव्हता. अवघ्या 22 जणींवरून स्पर्धेला दोष देता येत नाही. जास्त वजन आहे ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या 2007 च्या अहवालाला. मुलींकडे सतत शरीर म्हणून बघितलं गेलं की त्या स्वतःकडेही बाहेरून बघू लागतात, आणि त्याचा धागा खाण्याच्या विकारांशी, खचलेल्या आत्मविश्वासाशी आणि नैराश्याशी जुळतो, असं त्यात मांडलं आहे. फ्रान्सच्या सिनेटनं 2013 मध्ये 16 वर्षांखालच्या मुलांच्या सौंदर्यस्पर्धांवर बंदी घालण्याच्या बाजूनं मत दिलं होतं, 197 विरुद्ध 146.

इथं टेक्सासमध्ये या स्पर्धांचा मोठा धंदा आहे. प्रवेश शुल्क वेगळं, 'फोटोजेनिक' म्हणजे फोटोवरून होणाऱ्या स्पर्धेचं वेगळं. पडलेले दुधाचे दात झाकायला 'फ्लिपर' नावाचा खोट्या दातांचा पट्टा बसवतात, म्हणजे सहा वर्षांच्या मुलीचं सहा वर्षांचं असणंच लपवायचं. किताबांची उतरंड असते. वयोगटाची राणी, तिच्यावर सुप्रीम, त्याहून वर ग्रँड सुप्रीम. प्रत्येकीला काहीतरी मिळतं म्हणून आई-बाप समाधानी, पण पोरींना मुकुटाची उंची बरोबर कळते.

मला सगळ्यात जास्त काळजी रंगाची आहे, वहिनी. इथं गोऱ्या पोरींच्या अंगावर तांबूस रंग फवारतात. आपल्याकडे सावळ्या पोरीला दोन शेड उजळ फाउंडेशन लावतात. ओवी आपल्या आजीवर गेली आहे. मेकअपवाली न विचारता उजळ शेड काढेल, आणि आरशात बघून सगळे म्हणतील, "आता कशी छान दिसून राहिली!" त्या 'आता'चा अर्थ तिला बरोबर कळेल.

तरीही भाग घ्यायचाच ठरला, तर निदान एवढं पाळा. काळी मेंदी किंवा काळा टॅटू अजिबात नको. त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असू शकतं. फोड लगेच नाही, काही दिवसांनी येतात आणि त्याची अ‍ॅलर्जी जन्मभर राहू शकते. खोट्या पापण्या नकोत, त्यांच्या गोंदानं पापणीची कड सुजते आणि काढताना खऱ्या पापण्या उपटल्या जातात. हस्तकलेची चमकी डोळ्यांजवळ नको, कण आत गेला तर बुबुळाला ओरखडा पडतो. टाचांच्या चपला नकोत. जागं राहावं म्हणून कोला किंवा एनर्जी ड्रिंक तर मुळीच नको.

वेळाचंही बघा. फॉर्मवर हजेरी दुपारी 2 ची आणि बक्षिसं रात्री 10 ला. या वयाला 10 ते 13 तास झोप लागते. बालकामगार कायद्याच्या 2017 मध्ये सुधारलेल्या नियमांत व्यावसायिक कार्यक्रमात मूल घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही, आणि दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. आयोजकांकडे परवानगीपत्राची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका.

शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'फोटो व व्हिडिओ प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क' लिहिला आहे. त्याला मुदत नाही. ती ओळ खोडून शेजारी सही करा. 'मोस्ट पॉप्युलर' किताबासाठी फोटो टाकून लाइक गोळा करायचे आहेत, त्यात ओवीला घालू नका. परक्या माणसांनी तिच्या फोटोवर काय लिहावं, ते तुमच्या हातात राहत नाही.

माझं ऐकाल तर हे पैसे ठेवा आणि तान्ह्या पोळ्याची तयारी करा. तिथंही नटणं आहे, मिरवणं आहे, बक्षीस आहे. पण परीक्षक पोरांनी आणलेल्या लाकडी नंदीची सजावट बघतात. झूल कुणी शिवली, शिंगांना बेगड कसा लावला, हे विचारलं की पोरगी तोंड भरून सांगते. हरली तरी पुढच्या वर्षी झूल बदलता येते. वर घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे मिळतात, ते वेगळेच. वेशभूषा हवीच असेल तर तिला आवडेल ते होऊ द्या, भाजीवाली, पोस्टमन, काहीही, आणि दोन वाक्यं तिची तिला रचू द्या.

माळ्यावरचा जुना नंदी उतरवा. मागचं डावं चाक सैल आहे, खुंटी बदलून घ्या. रंग पाण्याचा घ्या, म्हणजे ओवीला स्वतः देता येईल.

आईला नमस्कार सांगा. ओवीला गोड पापा.

तिची आत्या