बाईचा जन्म मागणारी

नाशिक,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय विजू,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, उत्तर आज लिहायला बसलेय. परवा घरात कुणी नव्हतं तेव्हा 'द डॅनिश गर्ल' पाहिला. २०१५ चा म्हणजे तसा जुनाच, पण माझा राहून गेला होता. तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतेय.

तुला आठवतं का, होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना आपण म्हणायचो, काहीही होऊ दे, पुढच्या जन्मी बाई नको! पाळीत पोट दुखायला लागलं की तू तर देवाला हात जोडायचीस. माझी आजी दळताना ओव्या म्हणायची, त्यातही हेच मागणं असायचं. आपल्याकडे किती पिढ्यांनी ते मागितलं असेल. आणि या सिनेमातली लिली, जन्मानं पुरुष ठरलेली, नेमका तो बाईचाच जन्म मागते. जिवावर उदार होऊन मागते.

गोष्ट कोपनहेगनची, १९२६ ची. आयनार वेगेनर हा नावाजलेला चित्रकार, निसर्गचित्रं काढणारा. बायको गेर्डा माणसांची चित्रं काढते, पण तिला कुणी विचारत नाही. एकदा तिची मॉडेल, एक नर्तकी, वेळेवर येत नाही आणि चित्रातलं पायांचं काम तेवढं अडलेलं असतं. म्हणून ती नवऱ्याला म्हणते, जरा हे मोजे चढव, हे बूट घाल आणि बस. तो कुरकुरत बसतो. मग ती त्या नर्तकीचा झगा त्याच्या अंगाशी धरायला देते. इथे कॅमेरा नुसता त्याच्या बोटांवर जातो. बोटं कापडावरून अलगद फिरतात, झालरीशी थांबतात, त्याचा श्वास अडकतो. कुणी काही बोलत नाही. तेवढ्यात मॉडेल येते, तिच्या हातात लिलीची फुलं असतात. ती हसते आणि त्याचं नाव ठेवून टाकते, लिली.

विजू, ती बोटं बघताना मला माझीच बोटं आठवली. वीस वर्षं झाली, तोंडात सेफ्टी पिन धरून, एक डोळा घड्याळावर ठेवून मी निऱ्या घालतेय. कापड हाताला कसं लागतं याकडे कधी लक्षच गेलं नाही. काल सकाळी आईची इरकल काढली आणि निऱ्या घेता घेता हात थबकला. किती मऊ झालीय गं ती, धुऊन धुऊन! आई गेल्यावर पहिल्यांदाच नेसले.

आणखी एक प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाही. पॅरिसमध्ये आयनार एका बदनाम जागी जातो. तिथे पैसे मोजून काचेपलीकडच्या बाईला बघायचं असतं. बाकीचे पुरुष ज्यासाठी येतात त्यासाठी हा आलेला नसतो, हा शिकायला आलेला असतो. तिची मान कशी कलते, हात दंडावरून कसा खाली येतो, हे बघत तो तसंच करू लागतो. हळूहळू तिच्या लक्षात येतं आणि ती त्याला साथ देते. दोघं काचेच्या दोन बाजूंना एकच हालचाल करत राहतात. इतकी वर्षं आपण ज्या नजरांपासून पदर सावरत आलो, त्या नजरांच्याच जागी बसून कुणीतरी बाईच्या देहाकडे इतक्या आदरानं बघतंय. मला भरून आलं.

बाईपण म्हणजे मुरडणं आणि रेशीम एवढंच का, असं तू विचारशील. मलाही मध्ये मध्ये तसं वाटलं. आजी सांगायची, बालगंधर्वांचं नाटक बघून आलेल्या बायका घरी त्यांच्यासारखं लुगडं नेसून बघायच्या. पण पडदा पडला की त्यांना पुन्हा नारायणराव होता येत होतं. लिलीसाठी कोट-टाय हेच सोंग होतं, आणि ते तिला आयुष्यभर वठवता येईना. पुरुषाचं शरीर बाईचं करण्यासाठीच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ती कोपनहेगनच्या एका मोठ्या दुकानात अत्तरं विकायला उभी राहते. चारचौघींतली एक. तिथला तिचा चेहरा बघ. बाईपणातलं ते साधं सुख मला रेशमापेक्षा जास्त खरं वाटलं.

आणि गेर्डा! लिलीच्या चित्रांनी तिला नाव मिळतं, आणि ज्याच्यावर जीव टाकला तो नवरा हातातून निसटत जातो. एका रात्री ती लिलीला विनवते, मला माझ्या नवऱ्याशी बोलायचंय, त्याला आण. लिली म्हणते, नाही जमणार. तरीही ही बाई जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या इस्पितळात तिच्या उशाशी असते. अलिसिया विकांदरला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर दिलं, मला तर ती बरोबरीची नायिका वाटली.

नंतर मी खऱ्या लिलीबद्दल वाचत बसले. खरी हकिगत सिनेमापेक्षा वेगळी आहे. पहिली शस्त्रक्रिया १९३० मध्ये बर्लिनला झाली, पुढच्या ड्रेस्डेनला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या राजानं आयनार-गेर्डाचं लग्न रद्द केलं आणि लिलीला कागदोपत्री बाईचं नाव मिळालं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं स्वतःचं लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला तो १५ एप्रिल २०१४ ला. मध्ये चौऱ्याऐंशी वर्षं गेली, विजू. लिलीला आई व्हायचं होतं. म्हणून तिनं गर्भाशय रोपणाचाही धोका पत्करला. परका अवयव शरीरात टिकवणारी औषधं तेव्हा नव्हती, पेनिसिलिन अजून रुग्णांपर्यंत पोचलं नव्हतं. १३ सप्टेंबर १९३१ ला ती गेली. पन्नाशीलाही पोचली नव्हती. शेवटी गेर्डा जवळ नव्हती, तिचं एका इटालियन अधिकाऱ्याशी लग्न झालं होतं. सिनेमानं तिला उशाशी बसवलं ते खोटं असलं तरी मला त्याचा राग नाही आला.

राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. लिलीचं काम एका पुरुष नटाला दिलं. एडी रेडमेननं जीव ओतलाय, पण ते काम एखाद्या ट्रान्स बाईचं होतं, लिलीसारखीच वाट चाललेल्या बाईचं. २०२१ मध्ये त्यानं स्वतःच ती भूमिका घेणं चूक होती असं कबूल केलं. चिलीच्या 'अ फँटॅस्टिक वुमन'मध्ये डॅनिएला वेगा ही स्वतः ट्रान्स असलेली अभिनेत्री आहे. तोही बघ, त्यात कुणी बाईपण शिकत बसत नाही, ती बाई आहेच.

सिनेमात शेवटच्या सकाळी लिली बागेत व्हीलचेअरवर बसून गेर्डाला स्वप्न सांगते. ती तान्ही होती, आईच्या कुशीत, आणि आईनं तिला लिली म्हणून हाक मारली. एवढंच स्वप्न. तुझ्या-माझ्या आयांनी आपल्याला दिवसातून पन्नास वेळा नावानं हाका मारल्या, आणि आपण 'आले गं' म्हणून वैतागलो.

दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त राहा. ती इरकल तुझ्यासाठी बाजूला ठेवलीय. तू नेस, निऱ्या मी घालते.

तुझीच,
मंदा