सहाशे मुलं, दहा संगणक : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या खात्याचं नवं परिपत्रक या आठवड्यात आमच्या शाळेच्या सूचनाफलकावर लागलं. ‘प्रत्येक विद्यार्थ्याला संगणक’ ही योजना आता राबवली जाणार नाही. तिच्याऐवजी शाळेमागे दहा संगणक मिळतील आणि ‘ते विद्यार्थ्यांनी आळीपाळीने वापरावेत’, असं त्यात म्हटलं आहे. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी आहे. कारणाला मात्र अर्धीच ओळ मिळाली आहे : ‘जागतिक अनुभव लक्षात घेता’.

माझी मुलगी नववीत आहे. आपल्या खात्याकडे तिचा फोटोही आहे. योजनेच्या शुभारंभाला तिच्या वर्गातल्या मुलांना मंचावर रांगेत उभं केलं होतं. प्रत्येकाच्या हातात एकेक खोकं दिलं, आपण मध्ये उभे राहिलात, टाळ्या झाल्या, फोटो झाले. आपण गाडीत बसलात आणि खोकी परत गोळा झाली. नोंदणी करून नंतर देणार, असं मुलांना सांगितलं. मुलगी घरी येऊन म्हणाली, “आई, खोकं फार हलकं होतं.” मी तिलाच रागावले, सगळ्यात खोट काढू नये म्हणून. तो फोटो अजून आपल्या जाहिरातीत झळकतो आहे. योजना रद्द झाली, जाहिरात नाही.

आपल्याला माझा त्रास माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून सांगते. आमच्या घरात एकच फोन आहे आणि तो माझा आहे. मी पाळीत काम करते. दुपारपाळी असली की फोन माझ्याबरोबर जातो आणि मुलीचा गृहपाठही माझ्याबरोबर जातो, कारण तो शाळेच्या ग्रुपवर येतो. मी रात्री घरी येते, तोवर ती पेंगुळलेली असते. तिला उठवायचं, तिनं त्या वीतभर काचेवर बोटानं निबंध टाइप करायचा, मध्येच कुणाचा तरी फोन यायचा आणि लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. कामावर फोन वाजला की माझा मुकादम डोळे वटारतो. नाही वाजला तर मुलीच्या शाळेत काही राहून तर गेलं नाही ना, ही धास्ती. विज्ञानाचा प्रकल्प तिनं वहीत सुंदर केला होता, आकृत्यांसकट. पण तो पोर्टलवर चढवायचा होता आणि शेवटची मुदत रात्री बाराची. पोर्टल त्या रात्री चाललंच नाही. तिचे दहा गुण कापले. शिक्षकांकडे वही घेऊन गेले तर ते म्हणाले, “ताई, मला सगळं दिसतंय, पण सिस्टिम घेत नाही.” त्यांच्यावर मी चिडले नाही. त्यांचा चेहरा माझ्याहून थकलेला होता.

शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, परीक्षेचा अर्ज ऑनलाइन, निकाल ऑनलाइन, शाळा सोडल्याचा दाखला हवा तरी आधी ऑनलाइन नोंदणी. हे सगळं करायला कुणाच्या तरी दुकानात रांग लावायची, आपला पासवर्ड परक्या माणसाला सांगायचा आणि पैसे मोजायचे. एक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणजे संगणक आम्हाला लागतोच, महोदय. तो आपण सक्तीचा केला आहे. फक्त तो कुणी आणायचा, एवढाच प्रश्न आपण आमच्यावर सोडला आहे. ज्या वस्तूशिवाय गृहपाठ देता येत नाही, ती वस्तू म्हणजे शाळेचा बाक. बाक घरून आणा, असं कुणी सांगत नाही.

आता जागतिक अनुभवाकडे येते. आपल्या अधिकाऱ्यांना तो अर्ध्या ओळीत उरकता आला, मला जरा जास्त जागा लागेल. पाळीवरून येऊन हे सगळं त्याच फोनवर वाचलं आहे. डोळे दुखले, पण वाचलं.

अधिकाऱ्यांच्या मनात बहुधा पेरू हा देश असणार. २००५ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले निकोलस नेग्रोपॉन्टी यांनी शंभर डॉलरचा लॅपटॉप जगातल्या गरीब मुलांना देण्याची कल्पना मांडली. त्याच वर्षी ट्यूनिशियाच्या राजधानीत, ट्यूनिसमध्ये, संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या हस्ते नमुना दाखवला, तेव्हा वीज तयार करायचं हँडल त्यांच्या हातात निघून आलं. (निदान खोक्यात यंत्र होतं.) किंमत शंभर डॉलरवर राहिली नाही, दुपटीच्या आसपास गेली. पेरूने असे लॅपटॉप लाखांनी घेतले. मग तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात दिसलं की गणित आणि भाषा या विषयांच्या गुणांत फरक पडला नाही. इथपर्यंत आपले अधिकारी बरोबर आहेत.

पण त्यांनी पुढचं पान उलटलं नाही. त्या शाळांत इंटरनेट जवळपास नव्हतंच. शिक्षकांना यंत्र हातात दिलं, पण उद्याच्या तासाला त्याचं नेमकं काय करायचं, हे पुरेसं दाखवलं नाही. सामान्य बौद्धिक क्षमतेच्या चाचण्यांत मात्र मुलांची थोडी प्रगती दिसली होती. म्हणजे तिथे कमी पडली ती यंत्रामागची व्यवस्था. ती व्यवस्था उभी करायला तर आम्ही आपल्याला निवडून दिलं आहे ना?

आणि जागतिक अनुभव पेरूवरच का संपतो? उरुग्वे हा दक्षिण अमेरिकेतलाच छोटासा देश. प्रत्येक मुलाला लॅपटॉप देणारी ‘प्लान सेइबल’ नावाची योजना त्यांनी २००७ मध्ये एका लहानशा गावातल्या शाळेपासून सुरू केली आणि २००९ संपण्याआधी देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांमधल्या सगळ्या मुलांपर्यंत पोहोचवली. इंटरनेटसकट. तिथेही गुण काही आभाळाला टेकले नाहीत, पण पुढे त्याच जाळ्यावरून दूरच्या शाळांना व्हिडिओवर इंग्रजीचे शिक्षक मिळाले. अमेरिकेतल्या मेन या राज्यात २००२ पासून सातवीच्या मुलांना लॅपटॉप मिळू लागले. तेव्हा तर माझी मुलगी जन्मलीही नव्हती. हे अनुभव कुठल्या जगातले, तेवढं खात्याने कळवावं.

गुण वाढत नाहीत म्हणून संगणक नको, हा युक्तिवाद ऐकायला शहाणपणाचा वाटतो. मग एक विचारते. आपल्या कार्यालयात प्रत्येक टेबलावर संगणक आहे. त्यामुळे फायली किती पटींनी वेगाने हलल्या, याचा अभ्यास करून मग ते घेतले होते का? की ‘अधिकाऱ्यांनी आळीपाळीने वापरावेत’ असं तिथेही परिपत्रक आहे? असेल तर प्रत पाठवा, मी शाळेच्या फलकावर शेजारी लावते.

तुमच्या दहा संगणकांचा हिशोब मुलीनेच करून दिला. आमच्या शाळेत सहाशेच्या आसपास मुलं. शाळा आठवड्याला तीसेक तास. दहा यंत्रं सगळे तास न थांबता चालली, मध्ये प्रार्थना नाही, खेळ नाही, कुणी खोकललं नाही, तरी एका मुलाच्या वाट्याला आठवड्याला अर्धा तास येतो. त्या अर्ध्या तासात यंत्र सुरू व्हायचं, पासवर्ड आठवायचा, मागच्या मुलाने उघडं ठेवलेलं बंद करायचं आणि मग शिकायचं. आता आमच्या शाळेत आधीपासून जी संगणक खोली आहे तिचं सांगते. तिला कुलूप असतं. किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना दुसरीही कामं असतात. यंत्रं जुनी, निम्मी बंद, आणि दुरुस्तीचं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं : वॉरंटी संपली, दुरुस्तीसाठी खर्चाचं वेगळं शीर्ष नाही. वरच्या कागदांत मात्र आमची शाळा ‘संगणकयुक्त’ आहे. माझी खात्री आहे, अशा खोल्या हजारोंनी असतील. आकडा खोटा वाटत असेल तर खरा जाहीर करा, कुलपं उघडून मोजा.

२०२० साल इतक्या लवकर विसरलात का? जगभर शाळा बंद झाल्या, दीड अब्जाहून अधिक विद्यार्थी घरी बसले. युनिसेफने त्याच वर्षी सांगितलं की ३ ते १७ या वयोगटातल्या जगातल्या दोन तृतीयांश मुलांच्या घरी इंटरनेट नव्हतं. एकशेतीस कोटी मुलं. त्या काळात तुमच्याच खुर्चीतून ‘कोणीही मागे राहणार नाही’ असं सांगितलं गेलं. मागे राहिलेली मुलं मी रोज बघते. एक आमच्या मागच्या गल्लीत राहतो, तेव्हा पाचवीत होता. फोन नव्हता म्हणून शाळा तुटली ती तुटलीच, आता ओझी वाहतो. त्याला कुठल्या तक्त्यात बसवलंत?

मी आंधळेपणाने मागत नाही आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना पडदा देऊ नका, त्यांना गोष्टीची पुस्तकं द्या, माती द्या, अक्षर गिरवू द्या. स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसे बाजूला काढले, तेही मला पटतं. युनेस्कोच्या त्याच वर्षीच्या अहवालाचा सूर असाच होता की तंत्रज्ञान शिक्षकाच्या मदतीला असावं, त्याच्या जागी नको. कबूल. पण स्वीडनमधल्या मुलाला पुस्तक परत मिळालं. आमच्या मुलांचा संगणक गेला आणि पुस्तकंही शाळा सुरू होऊन कितीतरी दिवस झाल्यावर येतात. तुम्ही जगाकडून फक्त ‘नको’ उचललंत.

‘मुलं खेळत बसतील’, असं तुमचे एक अधिकारी पालकसभेत म्हणाले. खेळतील थोडी. तेवढ्यासाठी घरात आम्ही आहोत.

मला खरा राग कशाचा आहे, ते सांगूनच टाकते. या योजना मुलांसाठी निघतच नाहीत. त्या खरेदीसाठी निघतात. वर्षाचा निधी संपवायचा असतो, निविदा निघते, पुरवठा होतो, फीत कापली जाते आणि त्या क्षणी योजना यशस्वी होते. पुढे बॅटरी गेली, चार्जर तुटला, शिक्षकाला काही अडलं, त्याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, कारण दुरुस्तीची फीत कापता येत नाही. हे इथलंच आहे असंही नाही. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये प्रत्येक मुलाला आयपॅड द्यायचं ठरवलं, अब्जाहून जास्त डॉलरची योजना. मुलांनी थोड्याच दिवसांत त्यावरचे निर्बंध ओलांडले, आतला अभ्यासक्रम अर्धवट निघाला, खरेदीच्या पद्धतीवर प्रश्न उठले आणि पुढच्याच वर्षी ते कंत्राट गुंडाळलं. तिथे निदान चौकशी झाली. आमच्याकडे खोकी गोळा झाली आणि ती कुठे गेली, हे विचारणारी मीच अडाणी ठरते.

आणि शिक्षक? त्यांना संगणक शिकवायला वेळ कधी आहे? ते तुमच्यासाठी माहिती भरत असतात. हजेरीची माहिती, वजन-उंचीची माहिती, शौचालयांची माहिती, भरलेल्या माहितीची पुन्हा माहिती. शाळेतला एकुलता एक चालू संगणक त्यासाठी मुख्याध्यापकांच्या खोलीत अडकलेला असतो. म्हणजे तुमचे तक्ते भरतात, मुलांचा तास जातो. वरून आदेश, खालून तक्ता, मध्ये कुणी माणूस आहे हे कुणालाच दिसत नाही. तक्रार करायची तर तीही पोर्टलवर. मी केली होती. ‘तक्रार निकाली काढण्यात आली’, असा संदेश आला. कशी निकाली काढली, कुणी काढली, मला विचारून काढली का, काही नाही. ज्यांची मुलं आपल्या स्वतंत्र खोलीत आपल्या स्वतंत्र लॅपटॉपवर शिकतात, त्यांनी सहाशे मुलांना आळीपाळीने शिकायला सांगायचं. शिवाय पुढे नोकरीच्या जाहिरातीत आहेच : ‘संगणकाचे ज्ञान आवश्यक’.

तर मागणं असं. पाचवीपासून पुढच्या प्रत्येक मुलाला यंत्र द्या. नवंच पाहिजे असा हट्ट नाही, सरकारी कार्यालयांतली बदललेली पण चालू असलेली दिलीत तरी चालतील. मालकी शाळेची ठेवा, वर्षाअखेर परत घ्या, मोडलं तर नोंद करा, पण घरी नेऊ द्या. दुरुस्तीचे पैसे खरेदीच्याच दिवशी बाजूला काढा. शाळेत इंटरनेट आणा. शिक्षकांच्या मानेवरून तुमचे तक्ते उतरवा आणि त्यांना आधी शिकवा, मग यंत्र वाटा. एवढे पैसे नाहीत म्हणत असाल तर तसं सरळ लिहा, आडून पेरूवर ढकलू नका. आणि पैसे नसतील तोवर ऑनलाइनची सक्तीही ठेवू नका. गृहपाठ वहीत घ्या, अर्ज कागदावर घ्या, मुदत शाळा सुटण्याच्या वेळेची ठेवा, रात्री बाराची नाही.

माझ्या मुलीचे विज्ञानाचे दहा गुण तेवढे आधी परत करा. प्रकल्पाची वही शाळेत जमा आहे, कुणीही उघडून पाहावी. त्यासाठी निविदा काढावी लागत नाही.

आपली,
नववीतल्या एका मुलीची आई